बाळंतिणीचे मन : जिने भोगले, तिचे सांगणे

घरात पाळणा हलला की सर्वत्र आनंद पसरतो. नवी आई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फार बोलू लागली, रात्रभर जागूनही ताजीतवानी दिसली, बाळासाठी मोठमोठे बेत करू लागली, तर घरच्यांना ते कौतुकाचेच वाटते. बहुधा तो निखळ आनंदच असतो. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत ती एका गंभीर आजाराची चाहूल असते. ही चाहूल कशी ओळखावी, हे त्या आजारातून उठलेल्या स्त्रियांच्या आठवणींतून उमगले.

या आजारास प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. दर 1000 बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना तो होतो. बायपोलर विकार, म्हणजे कधी अतिउल्हास तर कधी खोल उदासी असा मनाचा तोल जाणारा आजार, असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र हे प्रमाण सुमारे पाचांत एक इतके मोठे आहे. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो व झपाट्याने वाढतो. भास होतात, बाळाविषयी विपरीत समजुती मनात घर करतात. त्यामुळे आई व बाळ या दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. वेळीच उपचार मिळाल्यास मात्र बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

फ्रेंच वैद्य मार्से यांनी बाळंतिणींच्या मनोविकारांवर 1858 मध्येच ग्रंथ लिहिला होता. तरीही डॉक्टरांना दिसे तो रुग्णालयात पोहोचलेला, पूर्ण बळावलेला आजार. घरातील पहिल्या दोन-तीन दिवसांत काय घडले, याची नोंद कोणत्याच केसपेपरवर नसे. ती केवळ त्या स्त्रीच्या स्मरणात असे.

ब्रिटनमधील संशोधक जेसिका हेरॉन व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अशा स्त्रियांना त्या दिवसांविषयी विचारले आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे निम्म्या स्त्रियांना प्रथम आठवला तो विलक्षण उल्हास, आणि जवळपास तितक्याच जणींना झोप न येणे किंवा झोपेची गरजच न वाटणे. बहुतेकींची सुरुवात पहिल्या तीन दिवसांतच झाली होती. बाळंतिणीच्या मनाची चौकशी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिंबरा प्रश्नावली 1987 ची. तिच्यातील 10 प्रश्न उदासी व चिंता शोधतात. अतिउल्हासाविषयी त्यात एकही प्रश्न नाही.

अशा अनुभवास आता संशोधनात मानाचे स्थान मिळू लागले आहे. ब्रिटनमधील ‘ॲक्शन ऑन पोस्टपार्टम सायकोसिस’ या संस्थेत बऱ्या झालेल्या स्त्रिया संशोधनात सहभागी होतात, माहितीपुस्तिका लिहितात आणि नव्या रुग्ण मातांना धीर देतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांनी तर स्वतःचा बायपोलर विकार 1995 मध्ये ग्रंथरूपाने जाहीर केला. डॉक्टर लक्षणे मोजतात; आई विचारते, औषध घेताना अंगावर पाजता येईल का? दुसरे मूल होऊ द्यावे का? हे प्रश्न संशोधनात यायचे, तर ते विचारणारीही तेथे हवी.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत 2009 पासून आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलास सहसा वेगळे करू नये, असे सांगितले आहे.

तथापि पहिली जबाबदारी घराचीच. विवाह जमविताना मुलीचा आजार झाकला जातो. मग सासरी गोळ्या लपूनछपून घ्याव्या लागतात किंवा बंद होतात, आणि बाळंतपणात धोका वाढतो. म्हणून बायपोलर विकार असल्यास, अथवा आई-बहिणीस बाळंतपणात असा आजार झाला असल्यास, गर्भधारणेपूर्वीच मनोविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. व्हॅल्प्रोएटसारखी औषधे गर्भास अपायकारक असतात. परंतु कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवू नये. बाळंतिणीस रात्रीची सलग झोप मिळावी म्हणून बाळाकडे कोणी पाहायचे, हे आधीच ठरवावे. विपरीत लक्षण दिसताच तिला व बाळाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

जोखीम ओळखून तिची तरतूद आधी करणे, हे व्यापारी घरांना नव्याने शिकवावे लागत नाही. तीच दूरदृष्टी सुनेच्या आणि लेकीच्या मनासाठी वापरली, तर एक आई वाचेल आणि तिच्याबरोबर तिचे बाळही.