प्रवेशाची शक्यता कशी वाचावी?

जालन्यात मी बारावीला गणित शिकवतो. सीईटीचा निकाल लागला की अंबड, परतूर, मंठ्याकडचे पालक विचारतात, "सर, पोराला पुण्यात चांगलं कॉलेज मिळेल का?" एका वर्षाचा आणि घरातल्या बऱ्याच पैशांचा निर्णय या उत्तरावर ठरतो. म्हणून ते कसे काढावे, हे सांगायला हवे.

जागा भागिले उमेदवार, हा पहिला हिशेब. २०२४ साली जेईई अॅडव्हान्स्डला १,८०,२०० विद्यार्थी बसले. आयआयटीत जागा होत्या १७,७४०. म्हणजे दहात एक. पण ही सरासरी झाली. निकाल हाती आल्यावर तिचा उपयोग संपतो. मग गुणानुक्रम पाहायचा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात साधारण एक जण पुढे. तीन लाख मुले बसली असतील तर ९९ ला पुढे तीन हजार आणि ९८ ला सहा हजार. घरी "एकानेच कमी" वाटते. रांगेत तेवढ्यात तीन हजार मुले मावतात.

यानंतर मागच्या वर्षीच्या कटऑफमधली आपली ओळ शोधायची. राज्याच्या अभियांत्रिकी तक्त्यात प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षर बघावे. 'एच' म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या जागा, 'ओ' म्हणजे क्षेत्राबाहेरच्यांच्या, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. जालना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. इथल्या मुलाने पुण्याच्या कॉलेजची 'एच' ओळ वाचून आनंद किंवा दुःख करू नये. ती त्याची नव्हे.

ओळ तीच असली तरी दार तेवढेच रुंद आहे का, हेही बघावे लागते. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ साली झाला, सर्वोच्च न्यायालयाने तो ५ मे २०२१ रोजी रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. ज्या जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत हे आंदोलन पेटले, तिथे वेगळे सांगायला नको. अशा बदलांनी सगळ्याच प्रवर्गांच्या जागांचे गणित हलते. म्हणून एकाच वर्षाच्या कटऑफवर विसंबू नये. दोन-तीन वर्षांचे पाहावेत आणि मध्ये नियम बदलला का, तेही तपासावे.

एवढे करून अंदाजच मिळतो. त्याचा वापर मात्र बहुतेक घरांत उलटा होतो: "हे मिळणारच" म्हणून ते कॉलेज पसंतीयादीत पहिले टाकतात. जागावाटप यादीच्या वरून सुरू होते. वरचा पर्याय हुकला तर खालचा तपासला जातो. वर अवघड नाव लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. उलट पहिलाच पर्याय मिळाला, तर तोच अंतिम ठरतो आणि पुढच्या फेरीची वाट बंद होते. तेव्हा यादीचा क्रम आवडीने लावावा. ती खाली कुठवर न्यायची, एवढेच अंदाजाने ठरवावे आणि शेवटी दोन-तीन खात्रीची नावे ठेवावीत.