निरोप न घेता गेलेली माणसं

2025 च्या ऑगस्टमध्ये दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आम्ही घरी आलो, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून होती. आवाज बंद होता आणि पडद्यावर बाळ कर्व्यांचा फोटो होता. "गुंड्याभाऊ गेला गं," ती म्हणाली. रिकामा पाट मी देवघरापाशी ठेवला, हातपाय धुऊन आले, तरी ती तशीच. मग म्हणाली, "आता चिमणराव एकटा पडला."

बाळ कर्वे कोण होते हे आईला चांगलं ठाऊक आहे. ते 95 वर्षांचे झाले होते, रंगभूमीवर त्यांनी किती काम केलं होतं, हे तीच मला सांगत आली आहे. पण त्या संध्याकाळी तिच्या तोंडी आलं ते त्यांच्या भूमिकेचं, घरातल्या माणसासारखं अरे-तुरेचं नाव.

त्याच पावसाळ्यात आईची रोजची मालिका बंद झाली होती. बाबा गेल्यापासून संध्याकाळ तिला खायला उठते, म्हणून साडेसातची ती मालिका आमच्या घरी औषधासारखी वेळेवर लागायची. त्यातल्या सुनेला आई दोन वर्षं रोज भेटत होती. एका सोमवारी त्या सुनेचा चेहरा बदलला. तेच मंगळसूत्र, तेच स्वयंपाकघर, मुलगी मात्र वेगळीच, आणि घरातल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पुढे पंधरा दिवसांत सगळी वैरं मिटली, सगळे गुन्हे कबूल झाले आणि एका शनिवारी मंडळींनी रांगेत उभं राहून हात जोडले. सोमवारी साडेसातला तिथे दुसरंच घर होतं. आई तरीही पाहत बसली, मंडळी परत येतील म्हणून. मग मला विचारलं, "तिच्या पोटातल्या बाळाचं पुढं काय झालं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वाहिनीकडे नव्हतं, आणि प्रेक्षकाला ते द्यावं लागतं असंही तिथे कुणाला वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी मागे जाऊन शोधते आहे. नसलेल्या माणसांवर जीव लावायला आम्ही कुठे शिकलो, आणि त्या जिवाची किंमत कधीपासून उरली नाही?

सुरुवात बरीच जुनी आहे. 1890 मध्ये हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय होतं हे कळायला पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागे. त्या काळाबद्दल मला वाचूनच माहिती आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही. 1933 मध्ये आलेलं चिं. वि. जोशींचं 'चिमणरावांचे चऱ्हाट' मात्र आमच्या घरात होतं. त्याची पानं सुटली होती आणि आजोबांनी ती दाभणानं शिवली होती. 1940 मध्ये मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' हा चित्रपट काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. आजोबांच्या लेखी खरा चिमणराव तोच. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले. आजोबा सांगायचे, त्या दिवशी त्यांना पहिली काळजी वाटली ती चिमणरावाची, की आता याला कोण सांभाळणार?

मी थांबते ती 1977 पाशी. मी दहा वर्षांची होते, नारायण पेठेतल्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि टीव्ही एकच, मालकांच्या माडीवर. मुंबई दूरदर्शन 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं होतं आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं होतं. त्या माडीवर, चिमणरावाच्या मालिकेत, आम्हाला दिलीप प्रभावळकर चिमणरावाच्या आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊच्या रूपात पहिल्यांदा भेटले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पुढे मुलं, मागे बायका आणि जिन्यात उभे पुरुष. आजोबा पहिल्या भागाला कपाळाला आठी घालून बसले होते. दामुअण्णांशी ते प्रत्येक हावभाव ताडून पाहत होते. तिसऱ्या की चौथ्या भागाला त्यांनी उठताना मान हलवली आणि म्हणाले, "हाही आपलाच." चिमणरावानं देह बदलला होता, पण मध्ये 37 वर्षं गेली होती, आणि आजोबांना त्याची ओळख पटवून घ्यायला सवड मिळाली होती.

त्या मालिकेचा एक भाग झाला की पुढचा येईपर्यंत जे दिवस जायचे, ते आमचे असायचे. वाड्याच्या नळावर बायका चिमणरावाच्या बायकोबद्दल, काऊबद्दल बोलायच्या, ती जणू नववं बिऱ्हाड. "नवरा भोळा आहे म्हणून तिचं निभतंय हो," असं एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं "भोळ्याशी संसार सोपा वाटतो काय तुम्हाला?" म्हणून कळशी उचलायची. हे बोलणं चिमणराव-काऊचं राहायचं नाही. ज्या बाईला घरातलं दुःख उघड सांगता येत नसे, ती काऊच्या नावावर ते सांगून मोकळी व्हायची. आजी चकल्या तळताना म्हणायची, "गुंड्याभाऊ असता तर पहिला घाणा त्यानंच संपवला असता." त्या मधल्या दिवसांत आमच्यात लेखक नव्हता की दिग्दर्शक नव्हता. माणूस डोळ्यांसमोर नसतानाच त्याची खरी सवय होते, सासरी गेलेल्या बहिणीची होते तशी.

त्याच वर्षांत रेडिओवरचा 'पुन्हा प्रपंच' होता. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत. त्यांना तर चेहराही नव्हता. आईनं मीनावहिनींना मनातल्या मनात तिच्या थोरल्या जावेचा चेहरा दिला होता, हे तिनं मला गेल्या वर्षी सांगितलं. त्या जावेशी तिचं फारसं पटत नसे. रोज सकाळी आवाज ऐकून ऐकून चेहराही आवडायला लागला, असं म्हणाली.

आणि माझा स्वतःचा होता फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यात. म्हणजे माझ्यापासून सायकलच्या अंतरावर. सहावीत असताना मी मामेभावाला घेऊन पीएमटीनं फुरसुंगीला गेले. ऊस होता, मळे होते, पारावर म्हातारी माणसं होती. फेण्यांचं घर विचारलं तर एका आजोबांनी सरळ सांगितलं, "पोरी, असं नाव गावात नाही." परतताना बसमध्ये मी रडले नाही. उलट मला खात्रीच पटली की तो कुठल्यातरी कामगिरीवर गेला असणार. आज फुरसुंगी म्हटलं की पुणेकरांना कचरा डेपो आठवतो. मला अजून आधी तो किडकिडीत मुलगा आठवतो आणि त्याचं ते 'टॉक्'.

आठवीत वर्गात बाकाखाली धरलेलं फेण्याचं पुस्तक बाईंनी काढून घेतलं. सगळ्यांसमोर विचारलं, "नसलेल्या पोरासाठी जीव टाकतेस, घरच्या भावाची तरी एवढी काळजी करतेस का?" वर्ग हसला. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आज देते. बाई, घरच्या भावाची काळजी मी फेण्यामुळेच करायला लागले. दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तर आपल्या पोटात काय होतं, हे मला त्या पुस्तकानं आधी कळवलं. भावाला टायफॉइड झाला तो नंतर. ते पुस्तक तुम्ही परत दिलं नाहीत, याचं दुःख अजून आहे.

पुढे शिकताना वाचलं की 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जडणारं नातं अभ्यासलं आणि ते एकतर्फी असतं असं मांडलं. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. गुंड्याभाऊ आम्हाला ओळखत नव्हता. पण आमच्या माडीवर ते नातं कधी दोघांपुरतं नव्हतंच. गुंड्याभाऊमुळे आठ बिऱ्हाडं एकमेकांशी बोलत होती. भाड्यावरून मालकांशी वर्षभर अबोला धरलेले गृहस्थसुद्धा त्या अर्ध्या तासासाठी माडी चढायचे, आणि एकदा मालकांनी त्यांना न बोलता चहा दिला, तिथे तो अबोला सुटला.

1984 मध्ये 'हम लोग' आली. तोवर आमच्या घरात स्वतःचा टीव्ही आला होता आणि माडी ओस पडायला लागली होती. आजीला हिंदी धड येत नव्हतं, पण त्या मालिकेतल्या बडकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं शिरा केला. भाग संपताना अशोककुमार येऊन चार शब्द बोलायचे, त्यांना ती पदर सावरून नमस्कार करायची. 1985 मध्ये ती मालिका संपली. संपणार हे आधी कळलं होतं, म्हणून रडूही नीट आलं.

आजी 1987 मध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी मला जवळ बोलावून विचारलं, "गुंड्याभाऊचं लग्न झालं का?" मी म्हटलं, "नाही आजी, अजून नाही." ती म्हणाली, "बघा रे कुणीतरी त्याच्यासाठी." घरातली सगळी नावं पुसली गेली होती आणि हे एक उरलं होतं. त्या दिवसापासून 'खोटी माणसं' हा शब्द मी वापरत नाही.

त्यानंतरची वर्षं मी भराभर उलटते. 1990 मध्ये ना. धों. ताम्हणकरांचा 'गोट्या' दूरदर्शनवर आला, तो त्या जुन्या वळणाचा. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झालं आणि 'आभाळमाया'तली सुधा जोशी आईला मैत्रिणीसारखी लाभली. मग वाहिन्या वाढल्या, रोज रात्री भाग येऊ लागले, आणि मधले दिवस संपले. आज पाहिलेल्यावर बोलायचं कधी, तर उद्याचा भाग दारात उभा. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर कुणाला अपघात व्हायचा, कुणाची स्मृती जायची हे ठरतं. सून शहाणी असताना आकडा पडला, तर पुढच्या सोमवारी ती मूर्ख होते. अशा माणसावर जीव लावायचा म्हणजे रोज वाळूवर पाय रोवायचा. तरीही घरोघरी एकट्या बसलेल्या बायका तो लावतात, कारण त्या वेळी घरात दुसरं कुणी बोलत नसतं.

त्यांच्या या लावलेल्या जिवाला व्यवहारात मोजमाप आहे, पण मान नाही, हे मला खुपतं. मालिका बंद करावीच लागते, ते मी समजू शकते. पण आपण निरोपाची रीत जाणणारी माणसं आहोत. मातीची मूर्ती आहे हे ठाऊक असून आपण दीड दिवस तिला जेवू घालतो, उत्तरपूजा करतो, हातावर दही ठेवतो, आरती म्हणतो आणि मग पाण्यात सोडतो. मूर्तीला आदल्या रात्री मागल्या दारानं उचलून नेलं, तर ते कुणाला चालेल का?

विसर्जनाच्या त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून मी आईजवळ बसले. घड्याळात साडेसात वाजले होते. मी म्हटलं, "आई, तुझ्या त्या सुनेला मुलगी झाली असेल." आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मुलगीच. आणि डोळे पहिल्या मुलीसारखे. ती जी बदलली ना, तिच्यासारखे." नाव काय ठेवायचं यावर आमचं एकमत व्हायला आठ वाजले. बारशाला कोणाकोणाला बोलवायचं, त्या यादीत आईनं पहिलं नाव गुंड्याभाऊचं घातलं.