अन्याय हे तथ्य आहे का?

जमीन आणि वाक्य

उरण तालुक्यातील द्रोणागिरी नोड आज सेक्टर आणि भूखंड क्रमांकांनी ओळखला जातो. त्याखालची जमीन भातशेतीची, खाजणांची आणि मिठागरांची. १९७० मध्ये शहर नियोजनासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. आधार होता १८९४ चा भूसंपादन कायदा. याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच जणांचा मृत्यू झाला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ‘पहिला मोबदला अन्यायाचा होता’ हे प्रकल्पग्रस्तांचे विधान. मोबदला कायद्याला धरून होता, तरीही हे विधान खरे असू शकते का?

वास्तववाद

नैतिक वास्तववादाचे उत्तर होकारार्थी आहे. काही नैतिक विधाने खरी असतात आणि त्यांची सत्यता कोणाच्या संमतीवर, रूढीवर किंवा राजपत्रावर अवलंबून नसते. त्याच १९८४ साली भूसंपादन कायद्यातील दुरुस्तीने मोबदल्यावरील दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली. वास्तववाद्याच्या मते अशी दुरुस्ती अन्याय कमी करू शकते. तो अन्याय होता की नाही, हे ती ठरवत नाही.

विरोधक

ए. जे. एअर यांच्या भाववादानुसार (१९३६) ‘अन्याय’ हा शब्द वर्णन करत नाही, निषेध व्यक्त करतो. जे. एल. मॅकी यांची भूमिका (१९७७) अधिक बोचरी आहे: बोलणारा खरोखरच वस्तुनिष्ठ तथ्याचा दावा करतो, पण तसे तथ्य जगात नसल्याने असे प्रत्येक विधान चुकीचे ठरते. भाववादाला पीटर गीच यांनी १९६५ मध्ये अडचणीत आणले. ‘मोबदला अन्यायाचा असेल, तर भरपाई वाढवली पाहिजे’ या वाक्यात निषेध कुठेच नाही. फक्त अट आहे. तरीही ‘अन्याय’ या शब्दाचा अर्थ तोच राहतो, म्हणून तर त्यावरून पुढचा निष्कर्ष निघतो. सायमन ब्लॅकबर्न यांचा अर्धवास्तववाद ही कोंडी फोडू पाहतो: भावनेपासून सुरुवात करून ‘खरे’, ‘खोटे’ म्हणण्याचा हक्क कमवायचा. तो कितपत जमला, यावर मतभेद आहेत.

आंदोलन कशामुळे झाले?

जासईच्या दृष्टीने हा वादाचा गाभा. गिल्बर्ट हार्मन यांनी १९७७ मध्ये आक्षेप घेतला की निरीक्षणांचे स्पष्टीकरण देण्यासाठी नैतिक तथ्ये लागत नाहीत. शेतकरी रस्त्यावर का आले? त्यांना अन्याय झाला असे *वाटले*, एवढे पुरते. निकोलस स्टर्जन आणि पीटर रेल्टन यांच्यासारखे निसर्गवादी एक पायरी मागे जातात: तसे का वाटले? उपजीविका गेली, मोबदल्यात तेवढी जमीन दुसरीकडे मिळेना, निर्णयात शेतकऱ्याला स्थान नव्हते. या स्थितीचेच नाव अन्याय, आणि तीच असंतोष निर्माण करते. हे उत्तर वजनदार आहे. पण ती स्थिती आणि ‘अन्याय’ एकच, हे सिद्ध करायचे राहतेच. जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये बोट ठेवले ते नेमके याच जागी: सगळी तथ्ये मान्य करूनही ‘पण हे वाईट आहे का?’ असे अर्थपूर्णपणे विचारता येते.

उत्क्रांतीचा पेच

शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये वेगळी कोंडी मांडली. आपली नैतिक मते जगण्याच्या स्पर्धेत घडली असतील, तर ती स्वतंत्र सत्याशी जुळतात हा निव्वळ योगायोग ठरेल. जमिनीची ओढही अशीच घडलेली असू शकते. गणिताची समजही उत्क्रांतीतूनच आली, मग तिलाही तोच आक्षेप लागेल, असे वास्तववादी सुचवतात.

मतमोजणी

व्यावसायिक तत्त्वज्ञांच्या २०२० च्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६२ टक्के नैतिक वास्तववादाकडे, तर २६ टक्के विरोधाकडे झुकलेले आढळले. अर्थात, वास्तववाद खरा असेल तर या आकड्यांना पुरावा म्हणून फारसे वजन नाही.