पासबुक द्या, चेकबुक नको!

शेअर बाजाराची एक गोष्ट मला जाम आवडते. तो दुपारी साडेतीनला गपगुमान बंद होतो! क्रिप्टोला ही चांगली सवय नाही. रविवार नाही, दिवाळी नाही, रात्रीचे तीन नाहीत. मग फ्युचर्समध्ये पैसे लावलेली मंडळी भर मीटिंगमध्ये टेबलाखाली अ‍ॅप उघडून बसतात. चेहरा बॉसकडे, जीव बिटकॉइनकडे.

यावरचा नवा फंडा म्हणजे एआय एजंट. त्याला सरळ मराठीत विचारायचं, ‘माझ्या पोझिशन्सचं काय चाललंय?’ तो एक्स्चेंजवरच्या तुमच्या खात्यात डोकावतो आणि सांगतो: पोझिशन केवढी, कुठल्या भावाला घेतलेली, नफा-तोटा किती आणि लिक्विडेशनचा भाव किती लांब. मी गेले काही महिने हा वापरतेय. चहाच्या वेळी एकदा, घरी निघताना एकदा. सारखं अ‍ॅप उघडायची खाज सॉलिड कमी झालीय.

सगळा खेळ एका आकड्याचा

समजा, तुम्ही दहा हजार रुपये मार्जिन लावून दहापट लिव्हरेज घेतलं. म्हणजे पोझिशन झाली एक लाखाची. भाव दहा टक्के उलटा फिरला की दहा हजार साफ! खरं तर एक्स्चेंज त्याच्या थोडं आधीच पोझिशन बंद करून टाकतं. यालाच म्हणतात लिक्विडेशन. १० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प यांनी चीनवर आणखी १०० टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि २४ तासांत जगभरात १,९०० कोटी डॉलर्सहून जास्त पोझिशन्स अशा उडाल्या. घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सगळे गाढ झोपेत!

म्हणून आकडा माहीत असणं महत्त्वाचं. पण तो आणायला तुम्ही कोणाच्या हातात काय देताय, हे त्याहून महत्त्वाचं.

किल्ली कुठली देताय?

एजंटला खात्यात शिरायला लागते ‘एपीआय की’. ती एक्स्चेंजच्या सेटिंग्जमध्ये बनवता येते. तिथे साधारण तीन परवानग्या दिसतात: फक्त बघणं, सौदे करणं आणि पैसे काढणं. बँकेत पासबुकावर एंट्री मारून आणायला आपण धाकट्या भावाला पाठवतो. तेव्हा पासबुक देतो, सही केलेलं चेकबुक नाही. इथेही तोच हिशोब. पोझिशन बघायला ‘फक्त बघणं’ पुरतं. बाकीच्या दोन टिका काढून टाका.

‘पैसे काढायची परवानगी बंद आहे ना, मग कसलं टेन्शन?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी २०२२ चा किस्सा ऐकावा. थ्रीकॉमाज नावाच्या ट्रेडिंग बॉट कंपनीला जोडलेल्या की वापरून काही ग्राहकांच्या खात्यांतून परस्पर सौदे झाले. त्या डिसेंबरमध्ये की फुटल्याचं कंपनीने मान्यही केलं. चोराची युक्ती साधी असते: फारशी उलाढाल नसलेलं टोकन स्वतः आधी घेऊन ठेवायचं आणि मग तुमच्या खात्यातून ते चढ्या भावाला विकत घ्यायचं. पैसे ‘काढले’ कोणीच नाहीत, तरी गेले!

एआयच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. एजंट खात्याबरोबर बातम्या आणि मेसेजही वाचत असेल, तर त्यात कोणी लपवलेली सूचना तो तुमचाच हुकूम समजू शकतो. ‘सगळं विकून टाक’ असं कोणी लिहून ठेवलं, तर हातात फक्त पासबुक असलेला एजंट विकणार काय, कपाळ? आणि हो, कीसोबतचा गुप्त कोड चॅटमध्ये कधीच पेस्ट करू नका.

गोड बोलतो म्हणून खरं बोलतो असं नाही

एक्स्चेंजकडून उत्तर आलं नाही, तर एआय कधी कधी ऐटीत मनाचाच आकडा ठोकून देतो. म्हणून मी नेहमी विचारते, ‘हा आकडा किती वाजताचा?’ सुरुवातीला दोन-चार वेळा अ‍ॅपशी ताडून बघा. स्पॉट आणि फ्युचर्स ही दोन्ही खाती तो बघतोय का, तेही तपासा.

शेवटची गोष्ट. विचारलं की सांगणारा एजंट म्हणजे रात्रीचा वॉचमन नव्हे. पहाटे तीनला भाव कोसळला तर उपयोगी पडेल तो स्टॉप-लॉस, तोही एक्स्चेंजवर तुम्ही स्वतः लावलेला. झटक्यात भाव घसरला तर तोही नेमक्या ठरवलेल्या भावाला लागेल असं नाही. त्यामुळे झोप उडेल एवढं लिव्हरेज मुळात घेऊच नका.

आज घरी गेल्यावर पाच मिनिटं काढा. एक्स्चेंजचं एपीआयचं पान उघडा आणि टिका मोजा. एकीपेक्षा जास्त दिसल्या, तर ती की डिलीट करून नवी बनवा. जेवण त्यानंतर!