औषधाच्या वाटेवरचा राखणदार

कंपनीतून निघालेले इन्सुलिन थेट कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे येत नाही. मध्ये डेपो असतो, होलसेलर असतो, टेम्पो असतो. या सगळ्या प्रवासात ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहायला हवे. उन्हाने तापले तर त्याचा गुण कमी होतो आणि एकदा गोठले तर ते वापरायचे नसते. बाटलीकडे नुसते पाहून रुग्णाला हे कळेलच असे नाही. ते पाहण्याची जबाबदारी त्याच्या आधीच कोणीतरी घेतलेली असावी लागते.

औषधांच्या घाऊक विक्रीत ही जबाबदारी ‘कॉम्पिटंट पर्सन’वर, म्हणजे सक्षम व्यक्तीवर असते. त्यासाठी वेगळी लेखी परीक्षा नाही. १९४५च्या औषध नियमांतील नियम ६४ मध्ये तीन वाटा सांगितल्या आहेत. नोंदणीकृत फार्मासिस्ट असावे. किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि औषध व्यवहाराचा १ वर्षाचा अनुभव असावा. किंवा दहावी उत्तीर्ण होऊन औषध विक्रीतला ४ वर्षांचा अनुभव असावा. म्हणजे होलसेलरकडे वर्षानुवर्षे काम करणारा माणूसही या पदाला पात्र ठरू शकतो. मात्र त्याच्या अनुभवाचा दाखला खरा असला पाहिजे.

महाराष्ट्रात हे परवाने अन्न व औषध प्रशासन देते. नेहमीच्या औषधांसाठी २०-बी आणि लस, इन्सुलिन यांसारख्या औषधांसाठी २१-बी नमुन्यात परवाना मिळतो. जागा किमान १० चौरस मीटर हवी आणि औषधांचा गुण टिकेल अशी साठवणुकीची सोयही हवी.

वैद्यकीय उपकरणांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. एमडी-४१ नमुन्यात अर्ज करायचा आणि एमडी-४२ नमुन्यात नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचे. येथेही जाणकार माणूस लागतो: पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी उत्तीर्ण होऊन उपकरण विक्रीचा १ वर्षाचा अनुभव असलेला.

खरी कसोटी परवाना मिळाल्यानंतर लागते. फ्रिजचे तापमान रोज नोंदवायचे, मुदत संपलेला माल वेगळा काढायचा, पुढे विकण्यासाठी माल घेणाऱ्याकडे परवाना आहे ना हे तपासायचे. बिलावर औषधाचे नाव, नग, बॅच क्रमांक आणि मुदत लिहायची. या नोंदी ३ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. पण एखादी बॅच सदोष निघाली, की ती कोणत्या दुकानांत गेली हे याच बिलांवरून शोधावे लागते. नोंद नीट असेल तर माल लगेच परत मागवता येतो. नसेल तर तो घराघरांत पोहोचलेला असतो.

म्हणून प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसरीकडे, असा नावापुरता कारभार धोक्याचा ठरतो. कागदावरचा माणूस बंद पडलेला फ्रिज पाहू शकत नाही.

ग्राहकाने आपल्यापुरते एक करावे. औषधाचे बिल मागून घ्यावे आणि त्यावरचा बॅच क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. इन्सुलिन घेताना दुकानदार ते फ्रिजमधून काढतो की फळीवरून, हेही पाहावे. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. तक्रार करताना हातात बिल असले, तर औषध नेमके कुठून आले हे शोधणे सोपे जाते.