एकसष्ट दिवसांचा गल्ला



एप्रिलचे ३० दिवस आणि मेचे ३१, मिळून ६१. जूनचे ३० आणि जुलैचे ३१, तेही ६१. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण बंदीच्या आधी बरोबर तेवढेच दिवस आपल्या हातात असतात, हे कधी मोजलंय का? आजचं लिखाण त्या आधीच्या ६१ दिवसांबद्दल आहे. आणि दहाच्या नाण्याबद्दल.

सुरुवात सर्वणपासून करूया. सर्वण डिचोली तालुक्यातलं, कारापूर-सर्वण पंचायतीतलं. इथे लाटा नाहीत, जेटी नाही. वाळवंटी नदी मात्र जवळ आहे, आणि नुस्तं नसलं तर जेवण गोड लागत नाही अशी घरं आहेत. मग मच्छीमारांच्या पानावर सर्वण कशाला? कारण धंदा एकाएकी थांबला की घराचं काय होतं, हे या तालुक्याने दोनदा पाहिलंय. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. ट्रक दारात उभे, बार्ज धक्क्याला, आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच.

आपल्याकडे दर पावसाळ्यात हेच होतं, दोन महिन्यांपुरतं. फरक एवढाच की खाणवाल्यांना दरवर्षीची ठरलेली तारीख नव्हती. आपल्याला आपली तारीख ठाऊक असते. तरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उचल मागायला मालकाच्या दारात उभं राहावंच लागतं. ती उचल फेडता फेडता पुढचा अर्धा हंगाम जातो.

रिकामे हात आणि भरलेला खिसा

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. धंदा जोरात असतो तेव्हा खिशात रोख असते आणि अंग थकलेलं असतं. रात्री जाळं टाकून बसलं की झोप मोडायला तंबाखू. किनाऱ्याला लागलं की एक पेग, मग दुसरा. बंदीत उलटं होतं. खिसा रिकामा आणि दिवसही रिकामा, आणि मोकळ्या दिवसात सवय आणखी वाढते. गोव्यात गुटख्यावर बंदी येऊन कित्येक वर्षं झाली, पण तोंडातली पुडी काही सुटली नाही.

हिशेब करूया. समजा एक खलाशी तंबाखू-सिगारेटवर दिवसाला ६० रुपये घालवतो. काहींचा आकडा कमी असेल, काहींचा कितीतरी जास्त. साठ रुपये म्हणजे दहाची सहा नाणी. ६१ दिवसांची ३६६ नाणी, म्हणजे ३,६६० रुपये. दहाच्या एका नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम. ३६६ नाणी तराजूत टाकली तर २ किलो ८०० ग्रॅमच्या वर भरतात. एक बरा विसवण उचलल्यासारखं हाताला लागेल. वर्षाचे होतात २१,९०० रुपये.

दारूचा हिशेब तुमचा तुम्हीच करा. तो इथे लिहिला तर घरात भांडण व्हायचं.

वाचलेला पैसा दिसत नाही

“मी सोडली, पण पैसा काही साठला नाही.” हे वाक्य अनेकांच्या तोंडी असतं, आणि ते खोटं नसतं. पुडी घेतली नाही म्हणून वाचलेले साठ रुपये खिशातच राहतात. संध्याकाळपर्यंत चहाला, पेट्रोलला, मोबाइलच्या रिचार्जला जातात. सोडण्याचा त्रास अंगाला कळतो, पण फायदा डोळ्यांना दिसत नाही. आठ-दहा दिवसांत मन म्हणतं, एवढं सोसून मिळालं काय?

म्हणून नाणं. पुडीला हात गेला नाही त्या दिवशी तेवढीच नाणी गल्ल्यात पडली पाहिजेत, त्याच दिवशी, आवाज करत. वाचलेला पैसा डोळ्यांना दिसला, हाताला जड लागला, की सोडण्याला मोल येतं.

रोज थोडं बाजूला टाकायची ही रीत आपल्याच किनाऱ्यावर रुजलेली आहे. दारोदार येणारा पिग्मीवाला तुम्हाला ठाऊक आहे. ती पिग्मी सुरू झाली १९२८ साली, शेजारच्या उडुपीकडे. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, रोज दोन आणे घ्यायला माणूस घरोघरी धाडला. महिन्याला तीन-चार रुपये एकदम मागितले असते तर गरिबाने हात वर केले असते. दोन आणे रोज कुणालाही जमत होते. व्यसनही रोजचंच असतं. त्याला उत्तर रोजचंच लागतं.

फिलिपिन्समध्ये काय झालं

नुसतं गल्ल्यात टाकून सवय सुटते का? याची एकदा नीट परीक्षा झालीय, तीही आपल्यासारख्याच दर्याकाठच्या देशात. २००६ साली फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर एका बँकेने सिगारेट ओढणाऱ्यांसाठी खातं काढलं. माणसाने स्वतःचे पैसे त्यात टाकायचे आणि सहा महिने काढायचे नाहीत. सहा महिन्यांनी लघवीची तपासणी. निकोटिन सापडलं नाही तर सगळे पैसे परत. सापडलं तर सगळे पैसे दानधर्माला.

ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांतल्या शंभरातल्या फक्त अकरा जणांनी ते घेतलं. स्वतःच्या पैशाला असा गळ लावून घ्यायची बहुतेकांची तयारी नव्हती, आणि ते साहजिकच आहे. ज्यांनी घेतलं त्यांनी सहा महिन्यांत सरासरी ५५० पेसो साठवले, सहा महिन्यांच्या सिगारेटचा खर्च निघेल इतके. निकाल असा लागला: ज्या गटाला हे खातं देऊ केलं होतं, त्यात सिगारेट सुटलेले लोक दुसऱ्या गटापेक्षा शंभरामागे तीन जास्त निघाले. वर्षाने न सांगता पुन्हा तपासलं, तेव्हाही फरक टिकून होता.

शंभरात तीन म्हणजे काही जादू नव्हे. गल्ला हे औषध नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ज्याचं मन आधीच अर्धं तयार आहे, त्याला एक धक्का लागतो. होडी पाण्यात ढकलताना शेवटचा जोर लागतो ना, तसा.

नवीन काही नाही

आणि ठरावीक दिवसांसाठी सोडणं आपल्याला नवीन आहे का? सर्वणपासून शिरगाव दूर नाही. लईराई देवीचे धोंड जत्रेआधी व्रत पाळतात, त्या दिवसांत दारू नाही, मांस-मासळी नाही. श्रावण आला की कितीतरी घरांत बाटली आपोआप कपाटात जाते. तेव्हा कुणी “मला जमत नाही” म्हणत नाही. का जमतं? दिवस मोजलेले असतात, सगळा गाव बघत असतो, आणि सोबत आणखी चारजण असतात. या तीन गोष्टी गल्ल्यालाही जोडा: मोजलेले दिवस, बघणारे डोळे, सोबतीला कुणीतरी.

गल्ला कसा ठेवायचा

१) गल्ला मातीचा घ्या. फोडल्याशिवाय उघडत नाही असा. डिचोली तर मातीच्या कामासाठीच नावाजलेली. कुलपाचा डबा असेल तर चावी दुसऱ्याकडे द्या, आईकडे किंवा बायकोकडे. घरातला हिशेब बहुतेक ठिकाणी मासळी विकणारी बाईच सांभाळते. तिच्याकडे चावी असली की मध्यरात्री डबा उघडत नाही.

२) गल्ल्यावर नाव लिहा. तुमचं नव्हे, पैसा कशाला ते. ‘जुलैचं रेशन’, ‘चेडवाची शाळा’, ‘नवं जाळं’. नुसतं ‘बचत’ लिहिलं तर कुणीही त्यात हात घालतो.

३) वेळ एकच ठेवा. रात्री जेवणाआधी म्हणा. पोरांच्या हातून नाणी टाकायला लावा. पोरगं विचारतं, “बाबा, आज नाही?” हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरच्या उपदेशापेक्षा जास्त लागतो.

४) चार-पाच दिवस बाहेर समुद्रात असाल तर? सुतळीचा तुकडा खिशात ठेवा. जो दिवस पुडीशिवाय गेला त्या दिवशी एक गाठ मारा. घरी आल्यावर गाठी मोजा, तेवढ्या दिवसांची नाणी टाका. गाठ मारायला आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त खोटी मारू नका. समुद्रात बघणारं कुणी नसलं तरी शेजारचा खलाशी असतोच.

५) हल्ली सगळे फोनवरून पैसे देतात, नाणी कुठून आणायची? मासळी विकून येणाऱ्या बाईच्या पिशवीत दहाची नाणी हमखास असतात. तिला नोट द्या, नाणी घ्या. काही दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत, म्हणून घाबरू नका. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलंय. बँकेत ती भरता येतात.

६) रक्कम मोठी व्हायला लागली की गल्ल्यातून बँकेच्या खात्यात न्या. पिग्मी लावणार असाल तर रोजच्या रोज नोंद झाली की नाही ते बघा. एक ध्यानात ठेवा: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही.

चुकलं तर?

चुकणार. बहुतेकांचं पहिल्या खेपेला चुकतं. लग्न असतं, जत्रा असते, जुना दोस्त भेटतो. त्या दिवशी नाणं टाकायचं नाही, बस. गल्ला फोडायचा नाही, दंड भरायचा नाही, शिव्या घालायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परत सुरू. साठलेली नाणी कुठे जात नाहीत. चाळीस दिवस पाळले आणि तीन दिवस चुकले, तर गल्ल्यात चाळीस दिवसांचे पैसे आहेतच.

घरच्यांना एक विनंती. गल्ला हा पोलीस नव्हे. “बघ, कालचं नाणं नाही!” असं चारचौघांत म्हटलं की माणूस खोटं बोलायला शिकतो. खोटं नाणं टाकलं की सगळा खेळ संपला.

दारूचं थोडं वेगळं आहे

हा भाग नीट वाचा. तंबाखू एका दिवसात बंद केली तर चिडचिड होते, झोप उडते. पहिले तीन-चार दिवस जड जातात, मग हळूहळू उतरतं. जिवाला धोका नसतो. पण जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात, त्याने दारू एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, भास, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरकडे जा. गल्ला नंतर.

बांबोळीला मनोविकार रुग्णालय आहे, तिथे व्यसनाचे उपचार होतात. जवळच्या आरोग्य केंद्रातही विचारा. तंबाखूसाठी सरकारचा फुकट फोन आहे: १८००-११-२३५६. दारू आणि इतर नशेसाठी: १४४४६.

आणि बोलण्याने काही होतं का, असं वाटत असेल तर हे ऐका. आपल्या गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला, ‘संगत’ या संस्थेच्या लोकांनी केलेला. २०१७ साली तो ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जास्त पिणारे ३७७ पुरुष. निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टरांनी नव्हे, जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलणं केलं. तीन महिन्यांनी या गटातले शंभरात ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले २६. चार वेळा बसून बोलण्याचा हा फरक. म्हणजे ज्याला सुटायचं आहे त्याच्याशी बोला, त्याच्यासोबत बसा. गल्ला एकट्याचा ठेवू नका.

बोटवाल्यांना दोन शब्द

मालकांनो, बंदीत उचल तुम्हीच देता, आणि बुडाली तर तुमचीच बुडते. नशेत दोर ओढणारा माणूस स्वतःसकट बोटीला धोक्यात घालतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मग एक करून बघा. ज्या खलाशाने एप्रिल-मेमध्ये गल्ला भरला, त्याने ३१ मेला तो तुमच्यासमोर फोडावा. जेवढे निघतील त्यात थोडी भर तुम्ही घाला. किती, ते तुम्ही ठरवा. उचलीपेक्षा ही भर स्वस्त पडेल. आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरेल तेव्हा तो माणूस कर्जाशिवाय चढेल.

शेवटी

३१ मेच्या रात्री गल्ला फोडताना घरातल्या सगळ्यांना बोलवा. नाणी जमिनीवर ओता, पोरांना दहा-दहाचे ढीग लावू द्या. मोजून झाल्यावर ज्याचं नाव वर लिहिलं होतं त्यालाच ते पैसे द्या, दुसऱ्या कशाला नाही. तोंड गोड करायचं असेल तर नुस्त्याच्या जेवणाने करा, बाटलीने नको.

आणि दुसऱ्या दिवशी, बंदीच्या पहिल्या सकाळी, नवीन गल्ला आणा. रिकाम्या दिवसांतच त्याची जास्त गरज लागते.