स्पर्श आणि दाखला

पांढरकवड्याच्या बाजारातील कोणाही गृहस्थास विचारा, कुष्ठरोग औषधाने बरा होतो असे तो तत्काळ सांगेल. परंतु बोटे झडलेला मनुष्य त्याच्या दुकानाची पायरी चढू लागला, म्हणजे मालक व मुनीम या दोघांच्याही मुद्रेवर उमटणारा भाव निराळेच काही सांगतो. इतरांची गोष्ट कशास? आमच्याच वकिलीच्या बैठकीत असा एक बरा झालेला पक्षकार आला असता, त्याने पुढे केलेला कागद हाती न घेता तो टेबलावर ठेवण्यास आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. कागद ठेवून आपण होऊन दोन पावले मागे सरला. तसे सरण्याचा त्यास फार दिवसांचा सराव असावा.

त्या रात्री आम्हांस मार्काच्या शुभवर्तमानातील कथा आठवली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठ्याने वस्तीबाहेर राहावे व आपण अशुद्ध आहो असे ओरडून सांगावे, असा दंडक होता. (त्या काळी या एका नावाखाली त्वचेचे नाना विकार मोडत, असे विद्वान म्हणतात, बहिष्कार मात्र सर्वांस सारखाच.) येशू ख्रिस्ताने अशा मनुष्यास हात लावला. या स्पर्शाचे गुणगान पुष्कळ होते; वकिलाचे लक्ष त्यापुढील आज्ञेकडे जाते. ख्रिस्ताने त्यास याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले. कारण याजकाने शुद्ध ठरविल्यावाचून त्यास घर, बाजार व मंदिर यांची दारे उघडत नसत. रोग गेला एवढ्याने भागत नव्हते, समाजाचा दाखला हवा होता.

आज औषधाची वाण नाही. १९८२ पासून प्रचारात आलेले बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि ते सुरू होताच रोग्यापासून संसर्गाचे भय लवकरच नाहीसे होते. वाकडी बोटे ही रोगाने पूर्वी मज्जातंतूंस केलेल्या इजेची खूण होय. रोग अंगात असल्याचा तो पुरावा नव्हे. कायद्यानेही उशिरा का होईना आपली चूक सुधारली. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला होता. श्रीमंत रोग्याचे तसे भय त्या कायद्यास वाटले नाही, हे ध्यानात घ्यावे! तो २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते, तसेच ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही शिरले होते. स्पर्शाची कथा दर रविवारी वाचणाऱ्यांसही ते खटकले नसावे. ते कलम २०१९ साली निघाले.

उरला तो याजक, आणि तो आता आपणच आहो. वणीच्या वाटेने गेल्यास वरोरा येथून फार दूर नाही. तेथील वकील मुरलीधर देविदास आमटे हे पावसात पडलेल्या तुळशीरामास पाहून प्रथम भिऊन पळाले, आणि त्या भीतीचीच लाज वाटून परतले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ताविषयी त्यांस आदर मात्र मोठा होता. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली व १९५१ साली आनंदवन उभे राहिले. रोग्यांनी पडीक जमिनीत भाजीपाला पिकविला; परंतु तो विकत घेण्यास प्रारंभी गावकरी कचरत. १९५४ साली परदेशांतील तरुण स्वयंसेवक येऊन रोग्यांच्या खांद्यास खांदा लावून राबले, तेव्हा लोकांची भीड चेपली. शेजाऱ्याच्या भाजीस परक्याचा दाखला लागावा, ही गोष्ट आम्हां राष्ट्राभिमान्यांस खाली पाहावयास लावणारी आहे.

व्यापारी बंधूंकडे आमचे मागणे दानाचे नाही. शनिवारची चिल्लर पुष्कळ दिली जाते, तीही वरून टाकून. बऱ्या झालेल्या मनुष्यास काट्यावर वा गोदामात काम द्यावे, मजुरी त्याच्या हातात द्यावी, त्याचा माल इतरांच्या भावाने घ्यावा. आमच्या त्या पक्षकाराची तारीख याच महिन्यात आहे. त्या दिवशी त्याचा कागद आम्ही हातात घेऊ. क्षमा मागणे राहिले आहे, तेही त्याच वेळी, कारकुनासमक्ष.